बाप्यांचा ‘ओ’

सांडोर गावची जुलियाना म्हाताऱ्या माणसांचं करायची. करायची म्हणजे न्हाऊमाखू घालणं, भरवणं, कूस बदलणं, घाण काढणं. गावात कुणाचं म्हातारं अंथरुणाला खिळलं की निरोप यायचा, जुलियानाला बोलवा. बदल्यात केळ्यांची फणी, वालाच्या शेंगा आणि ‘देव तुझं बरं करो’. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात राहायची. दीर आल्यागेल्याला सांगायचा, “वहिनीचं काय, ती बसूनच असते.” हे तिला फार लागायचं. आपण करतो ते काम आहे, असं कुणीतरी म्हणावं, एवढीच तिची भूक होती.

सत्त्याण्णव साली स्पेनमधल्या एका वृद्धाश्रमाच्या नन्सना कामाला इथल्या बायका हव्या होत्या. शिक्षणाची अट नव्हती. आपण काय काम करतो ते स्पॅनिशमध्ये सांगता आलं की झालं.

फादर सॅन्टन आयुष्यभर बोलिव्हियात राहून परतले होते. ते तिला ओटीवर बसवून पाढ्यांसारखी स्पॅनिश क्रियापदं म्हणून घेत. फक्त वर्तमानकाळ. “आब्लो, मी बोलतो. आब्लास, तू बोलतोस. आब्ला, तो बोलतो, ती बोलते. मराठीसारखंच आहे बाय. ‘मी’ म्हणायची पण गरज नाही, शेपटीवरून कळतं कोण ते.”

जुलियानाने शेपटी नीट धरली, पण आपल्या पद्धतीने. मुलगा निन्यो, मुलगी निन्या, हे फादरनीच शिकवलेलं. फादर बाप्यामाणूस, म्हणून ते ‘मी बोलतो’ म्हणतात आणि ‘ओ’ लावतात. म्हणजे बाईने ‘आ’ लावायचा. त्यांच्यासमोर पाढा म्हणताना ती बिनचूक ‘आब्लो’ म्हणायची, कारण पाढा फादरांचा. स्वतःबद्दल बोलायची वेळ तोवर आलीच नव्हती.

मुलाखतीला मी सोबत गेले. परदेशी पाठवणारे म्हटले की माझं डोकं आधीच तापतं. आखाताच्या नावाने फसवलेल्या मुलींसाठी मी एजंटांच्या दारात ठाण मांडून बसलेली बाई आहे. पण कॉन्व्हेंटमध्ये समोर आल्या त्या सिस्टर इनेस, वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मऊ. शेजारी आपल्याकडच्या सिस्टर क्लारा, दुभाषी म्हणून. भिंतीकडे फादर.

सिस्टर इनेसनी विचारलं, तुम्ही काय काम करता?

जुलियाना मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. “म्हाताऱ्यांना क्विदा. लावा. कोसिना.” म्हातारे हा शब्दच तेवढा मराठीत निसटला.

“कोण?” सिस्टर इनेसनी विचारलं. जुलियानाला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं.

दोघी सिस्टर आपसात बोलल्या. मग क्लारा संकोचून म्हणाल्या, “त्या विचारतात, ही सांगते की कुणीतरी बाई सांभाळते, बाई धुते, बाई स्वयंपाक करते. मग ही स्वतः काय करते?”

म्हणजे इथेही तोंडावर आलं ते दिराचंच वाक्य, ती बसूनच असते. जुलियानाचा चेहरा पडला. मी उठलेच. “कोण बाई? हिच्याकडे बाई ठेवायला आहे काय?”

“ताई, बसा,” जुलियाना म्हणाली. मग ती क्लाराकडे वळली. “सिस्टर, ती बाई मीच.”

फादरनी कपाळावर हात मारला. “अगं, लावो म्हण. लावो.”

“मी? बाप्यासारखं?”

“त्यांच्यात ‘मी’ला बाई-बाप्या नसतो. सगळ्यांचा ‘ओ’.”

“मग आधी सांगायचं होतं ना, फादर,” मी म्हटलं. “रोज ‘मी बोलतो’ कशाला? एकदा तरी ‘मी बोलते’ म्हणायचं.”

“मी पुरुष आहे हो,” फादर म्हणाले.

क्लारांनी घोटाळा स्पॅनिशमध्ये समजावला. सिस्टर इनेस ऐकून हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी पहिला प्रश्न पुन्हा विचारला.

जुलियानाला जन्मभराची जीभ वळवायची होती. “क्विदो,” ती म्हणाली. फादरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. “लावो. कोसिनो.” आणि मग, गरज नसताना, छातीवर हात ठेवून, “यो. यो लावो.”

मी धुते. मीच.

सिस्टर इनेस म्हणाल्या, हे कष्टाचं काम आहे, मला माहीत आहे. तीस वर्षं मीही हेच करते आहे. क्लारांनी मराठीत सांगितलं तेव्हा जुलियानाने पदराने डोळे टिपले. मग सिस्टरनी हळू, शब्द तोडून विचारलं, येता आमच्याकडे?

प्रश्न तिला कळला. तिने फादरांकडे पाहिलं.

“‘बोय’ म्हण,” फादर पुटपुटले. “म्हणजे मी येते. याला ‘ओ’ पण नाही, ‘आ’ पण नाही.”

“बोय? आता तर सरळ पोरगाच केलात मला,” जुलियाना म्हणाली, आणि सिस्टर इनेसकडे वळून तिने ते स्पष्ट उच्चारलं.