उतारावर थांबलेला ट्रक

पवईच्या उतारावरची ती केस अजून मनातून गेलेली नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा तिथे फौजदार होतो. तळ्याकडून विक्रोळीला उतरणारा रस्ता तेव्हा अरुंद होता. आता तिथून जाताना मी ती जागा शोधतो, सापडत नाही, आणि वाईट वाटतं.

सकाळी पोलीस ठाण्यात हजेरी चालू असताना एक मोटारवाले गृहस्थ खबर घेऊन आले. ट्रकने सायकलवाल्याला उडवलं म्हणाले. आम्ही गेलो तर रिकामा ट्रक उभा, त्याच्या डाव्या चाकाशी चेपलेली हिरवी सायकल, शेजारी बेशुद्ध माणूस. जखमीला इस्पितळात पाठवलं, पंचनामा केला आणि ड्रायव्हरला ट्रकसकट ठाण्यात आणलं.

ड्रायव्हर मालवणकडचा, मुंबईत नवा. "माझ्या गाडीचो धक्को लागूक नाय तेका, साहेब. लायसन गेला तर पोरांका खावक काय घालू?"

"मग थांबलास कशाला?" हवालदार खेकसले.

"भरलेली गाडी चढ चढत होती. तिका वाट दिलंय."

हवालदार हसले. मुंबईत असं कोण थांबतं? धडक दिली म्हणूनच थांबला, असं सगळ्यांनी धरलं. मला मात्र हसू येईना. मी घाटाखालच्या गावचा. उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे मी लहानपणी एसटीच्या पुढच्या बाकावरून पाहिलेलं. त्याचं बोलणं ऐकून गावचा घाट आठवला. पण तेवढ्यावर आरोपी सोडता येत नाही.

मी गृहस्थांना जबाबासाठी बसवलं, चहा मागवला. चिडलेला माणूस जास्त बोलतो.

"मी त्याच्या मागेच होतो ना! उगाच ब्रेक मारून उभा. हॉर्न देऊन देऊन वैतागलो, हलेचना."

"मग तुम्ही पुढे कसे गेलात?"

"डावीकडून काढली. सगळेच काढतात, साहेब."

मी उठून त्यांची मोटार बघायला गेलो. बाहेर त्यांच्या मोटारीच्या डाव्या अंगाला सायकलचा हिरवा रंग घासलेला होता. शुद्धीवर आल्यावर जखमीनेही मोटारच सांगितली.

चौकशीत मी एक शिकलो. समोरचा असं का वागला हे कळत नसेल, तर आधी त्याचं गाव विचारावं.

ड्रायव्हरला लायसन परत दिलं. ठाण्याच्या फाटकाशी चढ होता. तो ट्रक घेऊन उतरत होता, इतक्यात आमची जीप खालून आली. एवढं सगळं होऊनही तो कडेला थांबला, आणि आमची जीप वर येईपर्यंत हलला नाही.