आपाला गप्प बसवलं ते मी

"औषध सुरू केल्यावर झटके वाढले का?" सांगलीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं. रक्ताच्या जनुकीय तपासणीचा कागद त्यांच्यासमोर होता. आपानं, माझ्या मोठ्या बहिणीनं, आधी माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं विचारत.

मग म्हणाली, "व्हय. लय वाढलं."

आपाची मुलगी सना सहा महिन्यांची असताना तापात पहिला झटका आला. पुढे गरम पाण्यानं आंघोळ घातली तरी अंग ताठ व्हायचं. रहिमतपुरातल्या शेजारणी म्हणाल्या, दर्ग्यावर न्या. मी अंधश्रद्धेविरुद्धची, विज्ञानाची पत्रकं वाचत वाढलेला, आता ती लिहिणारा. सगळ्यांशी भांडून मीच सनाला साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन दिलं, झटक्यांवरचं नेहमीचं औषध. काही बदल वाटला तर सांगा, असंही म्हणाले.

"औषधानं वाढतंय रं," आपा म्हणायची. मला त्यात दर्गाच ऐकू यायचा. फेरतपासणीला बाकावर बसलो असताना मी तिला बजावलं, आत असलं काही बोलू नकोस, हसतील. ती बोलली नाही. झटके थांबत नाहीत एवढंच मी सांगितलं. डोस वाढला, झटकेही वाढले. शेवटी सांगली गाठली.

तपासणीच्या कागदावर निदान होतं: सनाला ड्रावे सिंड्रोम आहे, झटक्यांचा जन्मजात आजार. डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं: मेंदूच्या पेशींच्या आवरणात सूक्ष्म दारं असतात, आयन चॅनल. सोडियम आत शिरलं की पेशी उत्तेजित होते, पोटॅशियम बाहेर पडलं की शांत होते. काही पेशींचं कामच इतरांना आवरणं. सनाच्या नेमक्या त्याच पेशींत सोडियमची दारं अपुरी. आणि कार्बामॅझेपिन सोडियमचीच दारं बंद करतं. त्यामुळे आवरणाऱ्या पेशी आणखी दुबळ्या झाल्या, झटके वाढले.

हळूहळू औषध बदललं. झटके कमी झालेत, थांबलेले नाहीत. आजार राहणार आहे. पण परवा सना स्वतःच्या पायावर चार पावलं चालली. विचारणाऱ्या त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर औषध मनानं बंद करू नका. मात्र त्याला दिवसभर सांभाळणारी बाई जे सांगते ते डॉक्टरांच्या कानावर जाऊ द्या. नीट पाहणं, ताडून पाहणं म्हणजे विज्ञान, हे मी पत्रकांत छापत होतो. घरात ते आपा करत होती.

मी तिची माफी मागितली. ती सनाला भरवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुजं काय रं त्यात? चमच्यानं औषध मीच पाजत हुते की."

म्हणून हे माझ्या नावानिशी लिहितो: चमचा तिच्या हातात होता, हुकूम माझा होता.