सासूबाईंच्या नावावर खपवलेलं दुखणं

वर्गात शिकवताना मला एकाएकी लघवीची घाई व्हायची. दोनदा तर साडी ओली झाली. सासूबाईंची शुगर दाखवायला लासुर्ण्याहून बारामतीला गेलो, तेव्हा डॉक्टरांना विचारणारच होते. पण समोर पुरुष बघून अवसान गळालं. मी म्हटलं, "यांना सारखी घाई होते. कधी वाटेतच होते."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "धा वर्सं झाली. तुला कसं कळलं गं?"

प्रवासात त्या पाण्याला शिवत नसत. मी त्याला हट्टीपणा म्हणायचे.

"औषध आहे यावर," म्हणत डॉक्टरांनी त्यांना कागद दिला. पाणी किती प्यायलं, लघवीला कधी गेलं, तीन दिवस लिहायचं. बाहेर येऊन मी त्याची झेरॉक्स काढली.

"दुसरा कुनाला?" त्यांनी विचारलं.

"हरवला तर असावा," मी सांगितलं.