अर्ध्या राज्याचे मामा

ब्रह्मदेवाने सृष्टी तयार केल्यावर ती आधी माझ्या बायकोच्या मामांना दाखवली असती, तर ती अजून दुरुस्तीलाच पडून असती. आकाशाचा रंग सगळीकडे सारखा बसलेला नाही, डोंगरांच्या उंचीत मेळ नाही आणि माणसाला पाठीमागे डोळा द्यायचा राहून गेलाय, एवढं तरी त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मामांच्या नजरेत दोष आपोआप येतो, जसा आपल्या डोळ्यात धुरळा जातो. त्यासाठी त्यांना काही करावं लागत नाही. माझं लग्न ठरत असताना बघण्याच्या कार्यक्रमाला ते आले होते. पोहे खाल्ले, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सगळ्यांसमक्ष म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण उभा राहिला की डावीकडे कलतो." तेव्हापासून मी आरशासमोर उभा राहिलो की आधी खांदे बघतो. एकदा आम्ही सगळे राजोडीला समुद्रावर गेलो होतो. बाकीची मंडळी पाण्यात पाय बुडवत होती आणि मामा काठावर, कमरेवर हात ठेवून, समुद्राकडे असे बघत होते की जणू तो आत्ताच टेम्पोतून उतरवलाय. बराच वेळ निरखून म्हणाले, "गढूळ ठेवलाय."

नोकरीही त्यांना अशी मिळाली होती की ती त्यांच्यासाठीच काढली असावी. सातिवलीत नळ बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ते तपासणीच्या टेबलावर बसायचे. समोरून नळ यायचे, मामा ते फिरवून बघायचे आणि नापास करायचे. जन्मभर हे केल्यावर माणूस निवृत्त झाला, तरी टेबल त्याच्यासोबत घरी येतं. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ दिला, तर मामांनी नारळ कानाशी धरून हलवला आणि देणाऱ्यालाच सांगितलं की यात पाणी कमी आहे. मामींनी या सगळ्यावर आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. ताट वाढून झालं की त्या चष्मा काढून फ्रिजवर ठेवतात. पहिला घास घेताना मामांचा चेहरा दिसत नाही आणि जेवण सुखाचं होतं.

अशा माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जूचंद्रच्या फ्लॅटमध्ये त्यांना सक्तीने बसवून ठेवण्यात आलं, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. पंखा किंचित डुलतो हे पहिल्या आठवड्यात सांगून झालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तिचाच गुडघा कसा चुकीचा वाकतो हे समजावून झालं. समोर उभ्या राहणाऱ्या टॉवरच्या बाल्कन्या एका रेषेत नाहीत हे खिडकीतून ओरडून गवंड्यांना सांगून झालं. मग मामींनी माझ्या बायकोला फोन केला. म्हणाल्या, "ह्यांना कशात तरी गुंतव गं, नाहीतर मी माहेरी जाते. माहेरी आता कुणी नाहीये, तरी जाते."

बायकोने त्यांच्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला. राज्य उभारायचा खेळ. सुरुवातीला एक शेत असतं, त्यावर बोट टेकवलं की धान्य मिळतं. पुरेसं धान्य झालं की शेतकरी ठेवायचा, मग तो आपल्याऐवजी धान्य काढतो. मग लाकूडतोड्या, मग गवंडी, मग सैनिक, आणि अशा रीतीने हळूहळू राज्य आपोआप वाढायला लागतं. आकडे वाढत राहतात आणि राजाला, म्हणजे आपल्याला, काही काम उरत नाही. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी नेमकं करायचं काय?" बायको म्हणाली, नुसतं बघायचं. त्यावर मामा म्हणाले की ते तर सध्या फुकटातच चाललंय.

शिवाय हा खेळ अर्धवट होता. करणाऱ्याने तो पुरा व्हायच्या आधीच लोकांपुढे ठेवला होता, खेळत राहा, मी जोडत राहतो, अशा बोलीवर. बाजाराला दार होतं पण आत बाजार नव्हता. प्रधान होता, पण त्याला एकच वाक्य येत होतं. राणीच्या चेहऱ्याच्या जागी नुसता गोल होता. उत्तरेला बंदर दिसायचं आणि त्यावर 'लवकरच येत आहे' अशी पाटी. ती पाटी बघून मामा पेटले. ते ज्या संकुलात राहतात त्याच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता आणि त्यात एक बाई पोहत होती. तलाव काही आला नाही. बाई मात्र कोपऱ्यावरच्या रंग उडालेल्या फलकावर अजून पोहतेय. 'लवकरच' या शब्दाशी मामांचं वैर तेव्हापासूनचं आहे.

मी अशी पैज लावली असती की मामा हा खेळ दोन दिवसांत फेकून देतील, आणि हरलो असतो. त्यांना त्या खेळात जन्मभराचं सुख सापडलं होतं. रोज सकाळी चहा झाला की ते राज्याची फेरी काढायचे आणि नंतर खेळाच्या पानावर जाऊन आपलं मत लिहायचे. मराठीत, एक स्टार देऊन. पहिलं मत होतं, 'राजवाड्याला जिना नाही. राजा वर गेला कसा?' मग, 'शेतकरी डुलक्या घेतो आणि धान्य वाढतं. करणाऱ्याने शेत पाहिलेलं नाही.' मग, 'राणीला तोंड नाही. राजाची तक्रार नसेल, माझी आहे.' इतर खेळाडूंची मतंही ते वाचायचे आणि त्यांची तर अगदीच कीव करायचे. कुणी 'मस्त टाइमपास' लिहून पाच स्टार दिले होते. मामांच्या मते हे लोक म्हणजे लग्नाच्या पंगतीत पाण्याच्या ग्लासावर तृप्त होऊन उठणारे. कुणी 'भंगार' एवढंच लिहून एक स्टार दिला होता, तर मामांना त्याचाही राग. भंगार आहे हे कुणीही म्हणेल, कुठे भंगार आहे ते नको का सांगायला?

आणि एक दिवस चक्क उत्तर आलं. करणारा कुठल्या तरी थंड देशातला होता. त्याने मामांचं मराठी यंत्राकडून समजून घेतलं होतं आणि आपलं म्हणणं यंत्राकडूनच मराठीत करून पाठवलं होतं. 'प्रिय खेळाडू, तुमच्या वेदनेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मामा हादरलेच. माझ्या गुडघ्याचं ह्यांना कुणी सांगितलं, असं त्यांनी मामींना दरडावून विचारलं. मग 'आम्ही' या शब्दावरून त्यांनी ताडलं की ही मोठी कचेरी आहे, आणि यापुढे आपली तक्रार वरिष्ठांपुढे ठेवावी असं कळवलं. वरिष्ठांचंही उत्तर आलं. भाषा तीच.

पुढची गोष्ट मी कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. मामांनी रागाच्या भरात लिहिलं की तुमच्या सेनापतीला काडीची अक्कल नाही. काही दिवसांनी खेळाचं नवं अपडेट आलं, तर सेनापतीच्या हातात एक काडी. खाली सूचना, 'सेनापतीला आता अकलेची काडी मिळाली आहे. सुचवल्याबद्दल आभार.' मी आणि बायको हसून हसून बेजार झालो. मामा हसले नाहीत. ते फोन हातात घेऊन कितीतरी वेळ त्या काडीकडे बघत होते. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. मामी चहा घेऊन आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हसू नका हो. ह्यांचं ऐकून कुणी काही केलंय, हे पहिल्यांदाच."

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. निवृत्तीनंतर नायगावच्या बाजारात मामांना कारखान्यातला एक जुना सोबती भेटला होता आणि बोलता बोलता सहज बोलून गेला होता. मामा जे नळ नापास करायचे, ते मागच्या खोलीत पुसून दुसऱ्या दाराने गाडीत चढायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, टेबलावर बसलेल्या एका माणसाला सोडून. मामा त्या दिवशी भाजी न घेताच घरी आले.  आल्या आल्या त्यांनी घरातले सगळे नळ एकदा घट्ट बंद केले.

त्या काडीनंतर मामांच्या मतांना धार चढली. ती जितकी बोचरी होत गेली तितकं राज्य सुधारत गेलं. जिना आला, प्रधानाला दुसरं वाक्य आलं. दोन परके पुरुष, एकमेकांची भाषा न येता, एकमेकांवर वैतागून एक गाव बांधत होते. मी त्यांची टर उडवायचो. निवृत्त माणसाने भजनाला जावं, तुम्ही सेनापतीला काड्या वाटताय, असंही एकदा म्हणालो. मामांनी मला उत्तर देण्याच्या लायकीचं समजलं नाही.

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, ताबडतोब ये. गेलो तर मामा खुर्चीत बसलेले, समोरचा चहा गार झालेला, आणि तो गार आहे हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मामी दारातच काळजीत उभ्या होत्या. खेळ करणाऱ्याने सगळ्या खेळाडूंसाठी निवेदन टाकलं होतं. मी वाचून दाखवलं. तिथे कचेरी वगैरे काही नव्हती. तो एकटाच होता, 'आम्ही' हा यंत्राचा शिष्टाचार. तो आपल्या गावात बस चालवायचा आणि सुटीच्या दिवशी खेळ बनवायचा. लोकांची मतं इतकी वाईट येत आहेत, त्याने लिहिलं होतं, की बनवण्यात आता मन लागत नाही. मी थांबतो.

"मी वाईट आहे म्हटलं होतं," मामा म्हणाले. "बंद कर असं कधी म्हटलं?"

मी म्हणालो, मामा, इतके जोडे खाल्ल्यावर माणूस दुसरं काय करणार. बोललो आणि लगेच वाटलं की गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.  मामा शांतपणे म्हणाले, "नळ गळतोय म्हणून जो सांगतो, तो पाणी तोडा म्हणत नसतो."

त्यांनी मला त्याच्यासाठी इंग्रजीत लिहायला बसवलं. यंत्रावर त्यांचा आता भरवसा नव्हता. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. भिंती वाकड्या आहेत. बंदर बंद आहे. राणीला अजून तोंड नाही. मी म्हटलं, मामा, तो बिचारा खचलाय, पुन्हा तेच कशाला? ते म्हणाले, पुढे लिही. "हे सगळं मी रोज बघतो. रोज, हे नीट घाल. ज्याला नको असतं तो बघायला येत नाही. तू बस चालवतोस, ती कधी मधेच सोडून उतरतोस का?" मी लिहिलं, आणि शेवटी विचारलं की खेळ चांगला आहे, एवढं एक वाक्य घालू का. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा डावीकडे कलू लागलो. म्हणाले, खोटं कशाला?

उत्तर यायला बरेच दिवस लागले. मामा या काळात वाईट वागले, म्हणजे कशालाच नावं ठेवेनात. मामी चष्मा न काढता जेवू लागल्या आणि त्यांनाच घास गिळवेना. मग एका दुपारी उत्तर आलं आणि सोबत एक शेवटचं अपडेट. त्याने लिहिलं होतं की पुढे चालवणं आता जमणार नाही, वडील आजारी आहेत, सुट्या तिकडे जातात. पण मधेच उतरू नये हे पटलं, म्हणून एक काम पुरं केलं आहे. मामांनी मामींच्या आणि माझ्यासमोर राज्य उघडलं. बंदर बंदच होतं. मात्र वेशीजवळ एक नवा म्हातारा उभा होता. हात पाठीमागे, मान वर, नजर भिंतीवर. मामांनी त्याच्यावर बोट टेकवलं. त्याच्या डोक्यावर यंत्राच्या मराठीत अक्षरं आली, 'ही भिंत वाकडी आहे. मी उद्या पुन्हा पाहीन.'

 मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि म्हणाले, "पोट जरा जास्त काढलंय."

स्टार मात्र त्यांनी बदलला नाही, एकचा एकच ठेवला. पुढे तो खेळ कुठून मिळेनासा झाला. त्याचं पानही गेलं आणि मामांनी इतक्या प्रेमाने लिहिलेले सगळे शिव्याशाप त्याबरोबर गेले. फोनमधलं राज्य तेवढं राहिलं. आता गुडघा बरा आहे आणि मामा संध्याकाळी मिठागरांच्या रस्त्याने फिरायला जातात. परवा मी सोबत होतो. मोरीच्या कठड्यावर बसून त्यांनी फोन काढला, राज्य उघडलं, सगळीकडे बोट फिरवून एकदा बघितलं. धान्याचा आकडा इतका वाढलाय की तो पडद्यात मावत नाही, अर्धा बाहेर गेलाय, आणि तो आत आणायला आता कुणी नाही. मी म्हटलं, मामा, याच्यामुळे फोन किती अडखळतो, हा खेळ काढून का टाकत नाही?

"असू दे," मामा म्हणाले. "त्याला कधी सवड झाली, तर काम कुठपर्यंत आलं होतं ते कुणाला तरी माहीत असायला हवं."

त्यांनी फोन खिशात ठेवला. मिठागरांच्या पाण्यावर उन्हं उतरत होती आणि दूरवर एक बगळा एका पायावर उभा होता. मामा बराच वेळ तिकडे बघत होते. मी वाट पाहत होतो, उन्हाबद्दल किंवा निदान बगळ्याबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.