पाठ टेकणारे साडू

आमच्या साडूंइतक्या वेळा जमिनीवर पडलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि यात दारूचा थेंबभरही संबंध नाही. केजजवळच्या आपल्या गावी ते पोरापोरींना ज्युदो शिकवतात. ज्युदोत पहिला धडाच पडण्याचा: हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि टेकता टेकता हातानं जमिनीवर सणसणीत थाप, म्हणजे डोकं वाचतं. हा धडा त्यांच्या अंगात इतका मुरला आहे की मांजरसुंब्याला ढाब्यासमोर स्कूटर घसरली तेव्हा ते गोलांटी घेऊन उभे राहिले आणि सवयीनं आडव्या स्कूटरला वाकून नमस्कार केला. लढतीनंतर प्रतिस्पर्ध्याला करायचाच असतो. पंगतीत पोट भरलं की ते ताटाशेजारी दोनदा थाप मारतात. ज्युदोत ती ‘हरलो, सोड’ अशी खूण. वाढप्याला वाटतं, अजून आण म्हणतायत. साडू नियमाचे पक्के, तोंडानं काही बोलत नाहीत. जिलबी संपेपर्यंत थापा चालू राहतात.

वर्ग भरतो समाजमंदिरात. खताच्या गोण्यांत उसाचं पाचट दाबून भरायचं, वर ताडपत्री ताणायची, की झाली गादी. पण आमच्याकडे कुस्तीचा नाद जुना. पाठ टेकली की माणूस हरला, एवढंच लोकांना ठाऊक. आणि साडूंच्या वर्गात तर रोज सगळ्यांच्याच पाठी टेकतात. पालकांत कुजबुज सुरू झाली. सरपंच स्वतः जुने पैलवान. त्यांनी निरोप धाडला की जत्रेच्या फडात काय शिकवता ते दाखवा. पटलं तर जागा राहील, नाहीतर गोण्या उचला.

साडूंनी फडात उतरवली ती त्यांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी, आईबाप ऊसतोडीला गेले की मामाकडे राहणारी. तिनं साडूंचीच कॉलर आणि बाही धरली, ओढून त्यांचा तोल चवड्यांवर आणला, गर्रकन वळून कमरेवर घेतलं आणि टाकलं. साडू तांबड्या मातीत उताणे. थाप अशी वाजली की हलगीवाला थांबला. पंचांनी रीतीप्रमाणे फेटा पोरीला बांधला. साडू मात्र स्वतःच जिंकल्यासारखे हसत उठले.

“गुरुजी, पोरीनं चीत केलं की तुमाला,” सरपंच म्हणाले. “मग तुमी कशाला शिकवायलाव?”

“म्हणूनच शिकवायलोय. तिला यायलंय की.”

हे उत्तर फडात कुणालाच पटलं नाही, पोरीचा डाव मात्र पटला. सरपंचांनी तिथंच निकाल दिला: जागा राहील, पण शिकवायचं पोरीनं, गुरुजींनी पडायचं. साडूंनी वाकून नमस्कार केला. माझी मेहुणी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. वर्ग मात्र दुपटीनं वाढला, कारण गुरुजींना आपटायला मिळतं म्हटल्यावर कोणतं पोर घरी बसेल?

यंदा ती मुलगी संभाजीनगरच्या प्रशिक्षण केंद्रात निवडली गेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिथंच होतो. साडू गादीवर उभे राहून म्हणाले, टाक. तिनं टाकलं, पण पाण्यानं भरलेली घागर खाली ठेवावी तसं. थाप वाजलीच नाही.

“जोर कुठं गेला गं?” त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

“सर, आता वय झालं तुमचं. दुसऱ्यांना बी हळूच टाकायला सांगून चाललेय.”

ज्युदोत टाकणाऱ्यानं पडणाऱ्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची असते, त्याला लागू नये म्हणून. तिनं ती अजून सोडली नव्हती. आणि साडूही उठायची घाई करत नव्हते.