धवल्याची चाल

आमच्याकडचं एक ख्रिस्ती गीत आता मुंबईपर्यंत गातात. लोक डोळे मिटून गातात. मला ते ऐकवत नाही.

माझी आई कोळीवाड्यातली धवलारीण. लग्नात हळद लागताना धवले गाऊन देवाला बोलवायचं काम तिचं. ती गायल्याशिवाय नवऱ्या मुलाला हळद लागत नसे. धवला मांडवाबाहेर गाऊ नये, हा नेम तिच्या सासूने घालून दिलेला. तो तिने एकदाच मोडला.

माझ्या भावाला ताप भरला होता. मिशनच्या शाळेच्या मडमेने औषध दिलं, तो उठून बसला. आई तिला बोंबील द्यायला गेली, तर मडम म्हणाली, "बोंबील नको. तुमचं गाणं ऐकवा." आई तिच्या ओटीवर बसली आणि गायली. उपकार फेडायला दुसरं काय होतं तिच्याकडे!

दोन-चार महिन्यांत मडमेने त्याच चालीवर येशूचं गीत रचलं. मी तेव्हा तिसरीत होते. शाळेत रोज तेच. पोरांना चाल घरचीच, एका दिवसात पाठ झालं.

मग एका लग्नात आईने धवला धरला आणि मांडवातली सगळी पोरं तिच्या मागून येशूचे शब्द गायला लागली. हळदीचा हात तसाच राहिला. नवऱ्याची आत्या दिवेआगरची, तोंडाची तिखट. ती उठून म्हणाली, "काय गो धवलारनी, बाटलीस का? आमच्या पोराला हलद लावतंस का पानी शिंपरतंस?"

सगळे हसले. आई म्हणाली, "चाल माजीच हाय गो."

"मंग मडमेच्या घरात कशी गेली?"

नेम मोडलाय हे आई कबूल कसं करणार?

त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. माझ्या लग्नातसुद्धा धवलारीण पलीकडच्या गावातून आणली. माझ्या सासरच्यांची तशी अटच होती. आई मागच्या दारी भाकऱ्या थापत बसली. मांडवात गाणं चालू होतं तोवर तिने डोकं वर केलं नाही.

पुढे काही वर्षांनी आम्ही दोघी टोपल्या घेऊन देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, कुंपणाशी मासळी विकत होतो. आत मडमेची आठवण काढत होते. पाद्री सांगत होते, "बाई किनाऱ्यावर प्रार्थनेला बसल्या, आणि लाटांच्या आवाजातून देवाने त्यांना ही चाल दिली."

मी आईला म्हटलं, "ऐकलंस? लाटांनी दिली म्हनं. जाऊन सांगू?"

आतले लोक गायला लागले. आईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग तिने टोपली डोक्यावर घेतली.

"कोनाला सांगतंस? चल गो, मासली नासंल."