मावशीच्या डोक्यावरचा दिवा

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात मोठ्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर बनतात. ड्रायव्हर म्हणजे लाइनमधली वीज दिव्याला झेपेल अशी करून देणारी डबी. तिच्या आतली रचना कोणती, हे ठरवायचं काम माझं. निदान माझ्या कार्डावर तसं छापलंय. ठरवतात साहेब.

एकदा ऑर्डर आली ती आमच्याच माहुलच्या मासळी बाजाराची. माझी आई तिथे बसते. मी म्हटलं, मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली रचना घेऊ, म्हणजे दिव्याचा मेन लाइनशी थेट संबंध राहणार नाही. साहेबांना साधा बक कन्व्हर्टर हवा होता. त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे डबी बारीक होते आणि कॅटलॉगच्या फोटोत झकास दिसते. कॅटलॉग बघून दिव्याखाली बसणारी कोळीण मी तरी पाहिलेली नाही.

"साहेब, तिथे दिवे हाताशी लोंबतात. गिऱ्हाइकाला लाल कल्ले दाखवायला बायका ओल्या हाताने दिवा खाली ओढतात."

"मग स्टिकर लावू ना, 'हात लावू नये'! आणि अर्थिंग आहेच की."

साहेबांचे मासे मुलुंडला अ‍ॅपवरून येतात, साफ होऊन. त्यांना काय सांगणार? अर्थिंगची तार होती, पण बाजाराच्या वायरमनने ती कापून खांबाला छान गुंडाळून ठेवली होती. फार नीटनेटका माणूस.

शेवटी तोडगा निघाला. दोन्ही प्रकारांचा एकेक नमुना महिनाभर बाजारात लावून बघायचा. याला आमच्याकडे टेस्टिंग म्हणतात. लावायला मीच गेले. ट्रान्सफॉर्मरवाला आईच्या पाटावर टांगला आणि बकवाला शेजारच्या मावशीच्या. आई धक्क्यावर जायची तेव्हा याच मावशीने मला सांभाळलं, जेवू घातलं. डबीचं सील नवं आहे, महिनाभरात पाणी कुठे आत शिरतंय, असं मी मनाला समजावलं. शिकलेली असल्यामुळे मला ते लगेच पटलं.

दहाव्या दिवशी सहज गेले, तर आई बकवाला दिवा ओल्या हाताने खाली ओढून पापलेट दाखवत होती. "आई, सोड तो!" म्हणत मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. अख्ख्या रांगेने मला शिव्या घातल्या.

"दिवे कोणी बदलले?"

"मीच बदलायला लावले," आई म्हणाली. "तिचा उजेड थरथरतो गो. आताच मोतीबिंदू काढलाय तिचा. माजा चांगला हाय, तिला दिला."

मग मला सगळं सांगावंच लागलं. या दिव्यात मध्ये आडोसा नाही, खारं पाणी शिरलं की बॉडीत करंट उतरेल, अर्थिंग तर नाहीच. आईने हातातलं पापलेट खाली ठेवलं.

"म्हंजे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आन् तू हा तिच्या डोक्यावर टांगलास?"

साहेबांना दोष देता आला असता. पण दिवा कुठे टांगायचा, हे काही साहेबांनी ठरवलं नव्हतं. मान वर करायची लाज वाटत होती, तरी स्टुलावर चढून तो दिवा मी उतरवला. मी पडू नये म्हणून खाली स्टूल धरून मावशी उभी होती.